चाक डुगडुगतंय? आधी दुखणं ओळखा, मग पाना हातात घ्या



पावसाळा सरला की आपल्या वाहनांच्या कामाला खरा जोर चढतो. खरिपाचा माल बाजार समितीत न्यायचा असतो, रब्बीची नांगरट-पेरणी असते, आणि ऊसपट्ट्यात दिवाळीच्या मागं-पुढं कारखान्याची धुराडी पेटू लागतात. मग ट्रॅक्टर आणि ट्रॉली दिवसरात्र रस्त्यावर. चार महिने पावसात आणि चिखलात उभी असलेली ट्रॉली बाहेर काढायची, टायरात हवा भरायची आणि पहिल्याच दिवशी काठोकाठ ऊस चढवायचा, ही आपल्याकडची नेहमीची रीत. इंजिनाचं ऑइल आपण बघतो, डिझेल बघतो. चाकाकडं मात्र हवेपलीकडं कुणी बघत नाही.

आणि चाक असं आहे की ते एकदम दगा देत नाही. ते आधी पुष्कळ दिवस सांगत असतं. खडखडतं, गुरगुरतं, डुगडुगतं, गरम होतं. आपण ऐकत नाही एवढंच. शेवटी एखाद्या रात्री, भरल्या ट्रॉलीचं चाक निसटून जातं. ट्रॉली कलंडते, ते सुटलेलं चाक उताराला जाऊन कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो, आणि उसाच्या मोळ्यांवर तोडकरी बसलेले असतील तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून आज आपण एवढंच पाहणार आहोत : चाक हलतंय, तर नेमकं काय ढिलं झालंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि त्यातलं आपण काय करायचं व मिस्त्रीवर काय सोपवायचं.

आपल्या वाडवडिलांना ही परीक्षा ठाऊक होती. बैलगाडी जुंपण्याआधी जाणता माणूस चाकाला हात घालून हलवून बघायचा. आखाच्या टोकाची खीळ जागेवर आहे का, वंगण आहे का, आरे वाजतात का. उन्हाळ्यात लाकूड आटून लोखंडी धाव ढिली झाली, तर चाक पाण्यात भिजत घालायचा. आज खिळीच्या जागी नट आला, वंगणाच्या जागी ग्रीस आलं. पण चाकाला हात घालून बघायची सवय मात्र गेली. तीच परत लावून घ्यायची आहे.

नेमकं काय ढिलं होतं?

चाक हलण्याची कारणं चार ठिकाणी असतात. ही चार ठिकाणं मनात पक्की करा.

पहिलं ठिकाण म्हणजे चाकाचे नट. चाकाची लोखंडी डिस्क हबवर नटांनी आवळलेली असते. नट ढिले झाले की चाक हबवर नाचतं.

दुसरं ठिकाण म्हणजे हबमधली बेअरिंगं. हब आसावर फिरतो तो बेअरिंगवर. बेअरिंग झिजलं, किंवा त्यामागचा नट सैल झाला, की नट घट्ट असूनही हबासकट अख्खं चाक डुलतं.

तिसरं ठिकाण म्हणजे सांधे. हे फक्त वळणाऱ्या चाकांना, म्हणजे पुढच्या चाकांना. टाय रॉडची टोकं, किंग पिन, तिचे बुश, मोटारीत बॉल जॉइंट. हे झिजले की चाक आसासकट हलतं.

चौथ्या ठिकाणी काहीच ढिलं नसतं, पण चाकच सरळ नसतं. रिम वाकलेली असते, टायरला फुगा आलेला असतो, किंवा रिमच्या आत एका बाजूला काळी माती वाळून घट्ट बसलेली असते.

ताप आला म्हणून प्रत्येकाला एकच गोळी देत नाहीत, तसंच चाक हललं म्हणून प्रत्येक वेळी नट आवळून भागत नाही. बेअरिंग गेलेलं असताना नट आवळत बसलात, तर वेळ तर जातोच, शिवाय ‘आता केलंय घट्ट’ या भ्रमात तुम्ही भार भरून निघता.

चालता चालता कळणाऱ्या खुणा

नट ढिले असले की वाहन हळू चालवताना खट्-खट् किंवा कडकड असा आवाज येतो. चाकाच्या फेऱ्याबरोबर तो येतो. वेग वाढला की लवकर लवकर येतो. ब्रेक दाबताना, गाडी निघताना किंवा वळताना तो जास्त जाणवतो.

बेअरिंगचा आवाज वेगळा. तो गुरगुरण्यासारखा, जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा असतो आणि वेगाबरोबर वाढतो. जीप किंवा पिकअप चालवत असाल तर आणखी एक खूण आहे. गाडी डावीकडं वळली की भार उजव्या चाकावर जातो, उजवीकडं वळली की डाव्या चाकावर. डावीकडं वळताना गुरगुर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलंय असं समजा, आणि उजवीकडं वळताना वाढली तर डावं.

सांधे झिजले की स्टिअरिंग हातात भटकायला लागतं. खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं थरथरतात, स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच वळत नाही.

आणि काही ढिलं नसताना फक्त रिम, टायर किंवा माती यांचा दोष असेल, तर साधारणपणे ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरतं. त्याच्या खाली आणि वर ते शांत असतं. शेतातून गाडी बाहेर काढून डांबरी रस्त्याला लागलात आणि ती अचानक कापायला लागली, तर आधी रिमची आतली बाजू धुऊन चिखल काढा. पुष्कळदा तेवढ्यानंच दुखणं बरं होतं.

ट्रॉलीच्या बाबतीत एक अडचण आहे. ड्रायव्हर पुढं, इंजिनाचा आवाज मोठा, वर अनेकदा टेपही लावलेला. मागच्या चाकाची खडखड त्याला ऐकू येतच नाही. म्हणून ट्रॉलीची परीक्षा कानानं नव्हे, डोळ्यानं आणि हातानं करावी. दर खेपेला थांबाल तिथं उतरून ट्रॉलीभोवती एक फेरी मारावी.

उभ्या वाहनावरच्या खुणा

फेरी मारताना पाच गोष्टी बघा.

एक : नटाच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला तांबूस गंजाच्या रेघा निघालेल्या दिसतात का? दिसल्या तर तो नट ढिला असण्याची दाट शक्यता. नट हलला की लोखंड लोखंडावर घासतं, भुकटी पडते आणि तिचा गंज पाण्याबरोबर ओघळतो.

दोन : नटाभोवती रंग जाऊन लोखंड चकाकतंय का? तेही घासण्याचंच लक्षण.

तीन : हबाच्या आतल्या बाजूनं, ब्रेक असेल तर ब्रेकच्या पाटीवर, ग्रीस गळून धूळ चिकटलीय का? तसं असेल तर ऑइल सील गेलं. ग्रीस बाहेर येतंय, म्हणजे पाणी आणि माती आत जायला वाट झाली.

चार : मागे थोडं लांब उभं राहून चाकाकडं बघा. दोन्ही चाकं सरळ उभी आहेत की एखादं वरून आत-बाहेर झुकलंय? झुकलेलं चाक म्हणजे बेअरिंग तरी गेलंय नाहीतर आस तरी वाकलाय.

पाच : हब गरम आहे का? दहा-पंधरा किलोमीटर चालून आल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक हबाजवळ न्या. एकदम हात टेकवू नका, भाजेल. सगळी चाकं सारखीच कोमट असतील तर ठीक. एकच चाक इतरांपेक्षा फार गरम असेल तर त्या बेअरिंगमध्ये ग्रीस नाही, किंवा नट जास्त आवळलाय, किंवा त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. तापलेल्या हबावर पाणी ओतू नये. हब थंड होताना तेच पाणी आत ओढून घेतो.

जॅक लावून हाताची परीक्षा

आता मुख्य परीक्षा. ही रिकाम्या वाहनावरच करायची. भरल्या ट्रॉलीला जॅक लावून चाक हलवत बसू नये.

वाहन कडक, सपाट जागी उभं करा. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, ट्रॅक्टर गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा. जे चाक उचलणार नाही, त्याच्या पुढं आणि मागं दोन्हीकडं मोठे दगड लावा. जॅक आसाखाली घ्या. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा. चाक जमिनीपासून बोटभर उचललं की आसाखाली भक्कम लाकडी ओंडका किंवा लोखंडी घोडी लावा आणि भार तिच्यावर घ्या. विटा लावू नका. वीट भाराखाली एकदम फुटते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या वाहनाखाली डोकं घालू नका, मग कितीही घाई असो.

पहिली चाचणी, वर-खाली. चाक वरून एका हातानं आणि खालून दुसऱ्या हातानं धरा. वरचा हात आत ढकला, खालचा बाहेर ओढा, मग उलट. केसभर सैलपणा चालतो. पण ‘खट्’ असा ठोका हाताला जाणवला तर दोष आहे.

आता बघा, हलतंय काय? फक्त चाक हलतं आणि हब स्थिर राहतो, तर नट ढिले. हबासकट चाक हलतं, तर बेअरिंग. ट्रॉलीच्या चाकाला वळणाचे सांधे नसतात, त्यामुळं तिथं नट घट्ट असूनही चाक डुललं की दोष हबामध्येच, हे नक्की समजावं.

दुसरी चाचणी, ब्रेकची. ही जीप, पिकअप, मोटारीच्या पुढच्या चाकासाठी. चाक वर-खाली हलतंय, पण बेअरिंग की किंग पिन हे कळत नाही. तेव्हा दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. तरीही हलतच राहिलं तर दोष किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा.

तिसरी चाचणी, आडवी. चाकाला डावीकडून आणि उजवीकडून धरा आणि आडवं हलवा. वर-खाली घट्ट आहे पण आडवं हलतं, तर टाय रॉडचं टोक किंवा स्टिअरिंगचा सांधा झिजलाय. एकजण चाक हलवत असताना दुसऱ्यानं समोरून किंवा बाजूनं बघावं, कोणता सांधा खेळतो ते दिसतं. दोन्हीकडं हलतं, तर आधी बेअरिंगकडं बघा.

चौथी चाचणी, फिरवून. चाक हातानं गरकन फिरवा आणि कान द्या. चांगलं बेअरिंग बिनआवाज फिरतं. कचकच, खरखर असा आवाज आला किंवा चाक अडकत अडकत फिरलं तर बेअरिंगचे रोलर खराब झालेत.

पाचवी चाचणी, काडीची. जमिनीवर एक वीट ठेवा, तिच्यावर काडी अशी धरा की तिचं टोक रिमच्या कडेला जेमतेम लागणार नाही. काडी हलू न देता चाक फिरवा. काडी आणि रिममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय. रिम सरळ फिरते पण टायर नागमोडी फिरतो, तर टायरला फुगा आलाय किंवा तो रिमवर नीट बसलेला नाही. फुगा आलेला टायर भाराखाली वापरू नये. तो आज ना उद्या फुटणारच.

नट आवळण्याची रीत

आता थोडा हिशेब करू. ट्रॉलीच्या टायरचा घेर साधारण पावणेतीन मीटर धरा. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे साडेतीनशेहून जास्त फेरे होतात. कारखाना २० किलोमीटरवर असेल तर एका खेपेला सात हजारांवर फेरे झाले. नट ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला डिस्क बोल्टवर आपटते. म्हणजे सात हजार घाव. एवढ्या घावांत बोल्टची भोकं लांबट होतात, आटे झिजतात आणि शेवटी बोल्ट तुटतो. एक तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि तेही भराभर जातात. चाक निसटतं ते असं.

म्हणून चाक बसवताना हे करावे :

चाक आणि हब जिथं एकमेकांना टेकतात ती जागा तारेच्या ब्रशनं साफ करावी. तिथं वाळलेली माती, गंजाचे पापुद्रे किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर आवळताना घट्ट वाटतं, पण चालताना तो थर चिरडतो आणि नट सैल पडतो. ट्रॉली नुकतीच रंगवून आणली असेल तर हे हमखास होतं.

नटाची एक बाजू निमुळती असेल तर ती बाजू चाकाकडं यावी. उलटा बसवलेला नट कितीही आवळला तरी टिकत नाही.

चाक उचललेलं असताना सगळे नट हातानं, मग पान्यानं बेतानं लावावेत. मग चाक जमिनीवर टेकवून पक्के आवळावेत. आवळताना ओळीनं जाऊ नये. एक नट आवळला की त्याच्या समोरचा घ्यावा. असं दोन-तीन फेऱ्यांत करावं म्हणजे चाक सारखं बसतं.

किती आवळायचं? तुमच्या वाहनाच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तो पाळावा. लहान मोटारींना साधारण १० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आवळावं लागतं. त्याचा अर्थ असा, की एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर. पाना अर्ध्या मीटरचा असेल तर २० किलोचा. ट्रॅक्टरच्या मोठ्या नटांना यापेक्षा पुष्कळ जास्त लागतं. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहून उड्या मारू नयेत. त्यानं बोल्ट ताणला जातो आणि जो नट सर्वात घट्ट वाटतो त्याचाच बोल्ट आधी तुटतो.

काही जुन्या जीप आणि जड वाहनांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तिथं नेहमीच्या दिशेनं जोर लावलात तर आवळतोय असं वाटून नट सोडाल. आधी खात्री करून घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं : चाक काढून बसवलं, पंक्चर काढलं, की ५० ते १०० किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा आवळावेत. ट्रॅक्टर असेल तर पहिल्या काही तासांच्या कामानंतर. पंक्चरवाल्यानं आवळलं म्हणून निर्धास्त राहू नये.

बेअरिंगची देखभाल

ट्रॉलीच्या हबात बहुधा दोन बेअरिंगं असतात. आत मोठं, बाहेर लहान. दोन्ही निमुळत्या रोलरची. बाहेरून एक खाचांचा नट त्यांना धरून ठेवतो आणि तो फिरू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन असते. ऊस वाहणाऱ्या टायरच्या बैलगाडीलाही रचना अशीच असते. त्यामुळं हे बैलगाडीवाल्यांनीही ऐकावं.

हंगाम सुरू होण्याआधी हब एकदा उघडावा. हबाची टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, नट आणि वॉशर काढा, बेअरिंग बाहेर घ्या. जुनं ग्रीस कसं आहे बघा. दुधाळ, पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय. चिखलणीचं काम करणाऱ्या वाहनांत हे नेहमी दिसतं. अशा वेळी नुसतं ग्रीस बदलून भागणार नाही, ऑइल सीलही नवं घालावं लागेल.

बेअरिंग रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवा, स्वच्छ फडक्यावर ठेवून पूर्ण वाळू द्या. हवेच्या नळीनं ते गरगर फिरवू नका. त्यानं ते खराब होतं, आणि फुटून रोलर अंगावर उडण्याचा धोकाही असतो. आता उजेडात धरून बघा. रोलरवर किंवा हबातल्या वाटीवर खड्डे, चरे, निळसर-काळे भाजल्याचे डाग दिसले, तर बेअरिंग बदला. बदलताना वाटीसकट बदला. जुन्या वाटीत नवं बेअरिंग घातलं तर तेही लवकर जातं.

ग्रीस भरताना वरून नुसतं फासू नये. तळहातावर ग्रीस घ्यावं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहावं. रोलरच्या फटींतून दुसऱ्या बाजूनं ग्रीस वर आलं की ती जागा भरली. असं सगळीकडून करावं. ग्रीस चाकाच्या बेअरिंगचंच घ्यावं आणि दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत. हब मात्र काठोकाठ भरू नये. ग्रीसला पसरायला जागा लागते.

आता नट किती आवळायचा, इथं खरी मेख आहे. चाक हातानं फिरवत राहा आणि नट आवळत जा. चाक जड फिरायला लागलं की थांबा. मग नट मागं घ्या, फक्त एवढाच, की चाक मोकळं फिरावं पण हलवल्यावर खट् वाजू नये. नटाला सहा खाचा असतील तर एका खाचेचा फरक म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. बहुधा एवढ्याच्या आतच काम होतं. जवळची खाच भोकाशी जुळवा आणि नवी स्प्लिट पिन घाला. सैल नट चाक डुलवतो आणि फार घट्ट नट बेअरिंग भाजतो. दोन्ही वाईटच. तुमच्या वाहनाच्या पुस्तकात वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी.

हल्लीच्या पुष्कळ मोटारींत बेअरिंग बंद प्रकारचं असतं. ते उघडून ग्रीस भरता येत नाही, आवळूनही उपयोग नाही. ते गेलं की बदलायचंच, आणि ते काम यंत्रशाळेचं आहे.

ट्रॅक्टरची चाकं

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात दोन ठिकाणी बोल्ट असतात. एक डिस्क आणि आसाच्या मध्ये, दुसरे डिस्क आणि रिमच्या मध्ये. आपण आतले बघतो, बाहेरचे विसरतो. आंतरमशागतीसाठी चाकांची रुंदी बदलली, चिखलणीसाठी लोखंडी चाकं लावली-काढली, किंवा चाकाला वजनं बसवली, की त्यानंतर हे सगळे बोल्ट पुन्हा तपासलेच पाहिजेत.

पुढची चाकं रस्त्यावर थरथरत असतील आणि हाताच्या परीक्षेत बेअरिंग व सांधे ठीक असतील, तर दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का ते बघा. मग चाकांची दिशा मोजा. स्टिअरिंग सरळ ठेवा. दोन्ही टायरांच्या मध्यावर, समोरच्या बाजूला, हबाच्या उंचीवर खडूनं खूण करा आणि खुणांमधलं अंतर मोजा. ट्रॅक्टर सरळ पुढं इतका न्या की त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येतील. परत मोजा. साधारणतः समोरचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी असावं लागतं. किती कमी, ते पुस्तकात दिलेलं असतं. फरक फार असेल तर टाय रॉड जुळवून घ्यावा. टायरचा रबर एकाच कडेनं करवतीसारखा झिजत असेल तर तेही याचंच लक्षण.

ट्रॉली चालताना मागून शेपटीसारखी हलत असेल आणि चाकं घट्ट असतील, तर पाट्यांचे यू-बोल्ट, तुटलेला पाटा आणि हूकची पिन बघा. यू-बोल्ट ढिला झाला की अख्खा आस तिरका सरकतो आणि दोष चाकाचा वाटतो.

जुगाड कुठं करू नये

आपण शेतकरी माणसं अडचणीत वाट काढणारी. पण चाकाच्या बाबतीत काही जुगाड जिवावर बेततात. स्प्लिट पिनच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तार घालू नका. तार झिजून तुटते आणि मागोमाग नट निघतो. डिस्कची भोकं लांबट झाली असतील तर पत्र्याच्या चकत्या घालून भागवू नका, डिस्क बदला. सहापैकी दोन बोल्ट तुटले आणि चार राहिले म्हणून ‘चालतंय की’ म्हणू नका. तुटलेल्याच्या शेजारच्या बोल्टांनीही जादा भार सोसलेला असतो. तेही बदलून घ्या. नट हबाला वेल्डिंग करून टाकू नका. एक बेअरिंग आणि एक सील यांना जे लागेल, त्याच्या कितीतरी पट खर्च हब आणि आस गेल्यावर येतो. आणि माणूस गेला तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही.

रस्त्यात दोष लक्षात आला तर

चाक डुलतंय असं वाटलं की ब्रेक करकचून दाबू नका. वेग हळूहळू कमी करा, रस्त्याच्या डाव्या कडेला कडक जागी उभे राहा. रात्र असेल तर दिवे चमकते ठेवा, मागं बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा. वर बसलेल्यांना आधी उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभं करा.

नट नुसते सैल झाले असतील, बोल्ट आणि भोकं शाबूत असतील, तर आवळा, एक-दोन किलोमीटर हळू जा, थांबून परत आवळा. भोकं लांबट झाली असतील, बोल्ट तुटला असेल किंवा हबच डुलत असेल, तर तिथून पुढं जाऊ नका. माल दुसऱ्या ट्रॉलीत घ्या. एक खेप बुडाली तरी चालेल. आणि निघताना चाकाला लावलेले दगड उचलून कडेला टाका. असल्या दगडांवर मोटारसायकलवाले आपटून जिवाला मुकतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

खट्-खट् आवाज, नटाजवळ गंजाच्या रेघा – नट ढिले. भोकं तपासा, समोरासमोर आवळा, परत आवळा.

एकसारखी गुरगुर, हब गरम, वर-खाली हलणं – बेअरिंग. उघडा, धुवा, ग्रीस भरा किंवा बदला.

फक्त आडवं हलणं, स्टिअरिंग भटकणं – टाय रॉड किंवा सांधे. मिस्त्रीकडं न्या.

ब्रेक दाबूनही वर-खाली हलणं – किंग पिन किंवा बॉल जॉइंट. मिस्त्रीकडं न्या.

हलत नाही, पण ठरावीक वेगाला थरथरतं – चिखल धुवा, रिम आणि टायर तपासा.

मंडळी, यातल्या निम्म्याहून जास्त परीक्षांना एक पाना, एक जॅक, एक ओंडका आणि अर्धा तास पुरतो. ट्रॉलीच्या हौद्याला आतून एक पाना कायमचा बांधून ठेवा. ड्रायव्हर पगारी असेल तर त्यालाही ही परीक्षा शिकवा. त्यानं ‘मालक, चाक वाजतंय’ असं सांगितलं, तर खेप बुडेल म्हणून त्याच्यावर ओरडू नका. त्यानं वेळेवर सांगितलं हे तुमचं भाग्य समजा. येत्या हंगामात पहिली खेप भरण्याआधी प्रत्येक चाकाला एकदा हात घालून बघा.